विजयदुर्गच्या गाळात काय आहे, हे बघायला कोण उतरणार?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

विजयदुर्गच्या जेटीवर संध्याकाळी उभं राहिलात तर उजव्या-डाव्या हाताला होड्या, समोर वाघोटन खाडीचं शांत पाणी आणि मागे किल्ल्याची तटबंदी. पर्यटक किल्ल्याचा फोटो काढतो, सेल्फी घेतो आणि जेवायला जातो. पाण्याकडे कोणी बघत नाही. खरं तर आपल्या आरमाराच्या इतिहासातलं सगळ्यात वाईट प्रकरण त्या पाण्यातच घडलं.

फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल वॉटसनचं इंग्रजी आरमार खाडीच्या तोंडाशी आलं. सोबत रॉबर्ट क्लाइव्ह, तोच पुढे प्लासी गाजवणारा. इंग्रज या जागेला 'घेरिया' म्हणत, शेजारच्या गिर्ये गावावरून. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. हो, आपलीच. नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचं फाटलेलं होतं आणि इंग्रजांना त्याहून चांगली संधी मिळणार नव्हती. तुळाजीचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला दाटीवाटीने नांगरलेलं होतं. त्यात 'रिस्टोरेशन' नावाचं एक जहाज होतं, तुळाजीने काही वर्षांपूर्वी कंपनीकडूनच हिसकावलेलं. इंग्रजांचा एक तोफगोळा नेमका त्याच्यावर पडला. ते पेटलं, त्याच्यावरून शेजारचं, त्याच्यावरून त्याच्या शेजारचं. बघता बघता गुराबा, गलबतं, सगळा काफिला जळाला. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. ठरल्याप्रमाणे तो पेशव्यांना मिळायला हवा होता, पण इंग्रजांनी तो दाबून ठेवला आणि बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच सोडला.

हे सगळं पुस्तकांत आहे. पण ती पुस्तकं ज्या कागदांवर उभी आहेत ते बहुतेक जिंकणाऱ्याचे आहेत. वॉटसनच्या लोकांनी काय पाहिलं, किती लूट मिळाली, कोणाला किती वाटा. आंग्र्यांची गुराब नेमकी कशी बांधायचे, फळ्या कशा जोडायचे, खिळे कुठले, तोफा कुठल्या ओतकामाच्या, तळाला काय भरायचे, याचा आंग्र्यांच्या बाजूचा कागद शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. त्या प्रश्नांचं उत्तर असेल तर ते खाडीच्या गाळात आहे.

"जळालेलं लाकूड अडीचशे वर्षं राहतं होय?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जहाज जळतं ते पाण्याच्या रेषेपर्यंत. खालचा सांगाडा बुडतो. त्यात नीरम असतं, म्हणजे जहाज डोलू नये म्हणून तळात भरलेले दगड. वर तोफा कोसळतात. हे सगळं वजन सांगाड्याला गाळात दाबतं. उघडं राहिलेलं लाकूड समुद्री किडा काही वर्षांत पोखरून संपवतो, पण गाळाखाली प्राणवायूच पोचत नाही, तिथे किडा जगत नाही, आणि लाकूड टिकतं. जगातली बहुतेक गाजलेली बुडीत जहाजं अशीच मिळाली आहेत, अर्धी खाल्लेली, अर्धी गाळाने राखलेली. विजयदुर्गला तसं घडलं असेलच असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि बघायचं म्हणजे कोणी? मुद्दा तिथेच येतो.

आपल्याकडे पुरातत्त्व शिकणारी पोरं उत्खननाला जातात. इनामगावला डेक्कन कॉलेजने हंगामामागून हंगाम खोदकाम केलं, त्यात शिकलेल्या पिढीने पुढे देशभर काम केलं. चौकोन आखायचा, थर ओळखायचा, खापराचा तुकडा कुठल्या थरात मिळाला ते लिहायचं, हे हातात मुरायला दोन-तीन हंगाम लागतात. पाण्याखाली नेमकं हेच करायचं असतं. फक्त बोलता येत नाही, उभं राहता येत नाही, घड्याळ सतत मागे लागलेलं असतं, आणि पायाचा एक चुकीचा फटका बसला की गाळ उडून स्वतःचा हातही दिसत नाही.

जगात हा प्रश्न पहिल्यांदा नीट सुटला तो १९६० साली, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, केप गेलिदोन्या इथे. तिथल्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना खाली तांब्याचे ठोकळे दिसलेले. त्यातल्या एका कप्तानाने ते पीटर थ्रॉकमॉर्टन नावाच्या अमेरिकन पत्रकाराला सांगितलं. तोवर पद्धत अशी होती की पाणबुडे खाली जाणार, वस्तू वर आणणार आणि पुरातत्त्वाचे प्राध्यापक बोटीवर बसून त्या बघणार. म्हणजे उत्खनन मजुरांवर सोडून साहेबांनी तंबूत बसायचं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज बास या तरुण विद्यार्थ्याने ते उलटं केलं. तो फिलाडेल्फियातल्या वायएमसीएच्या तलावात डायव्हिंग शिकला आणि स्वतः खाली उतरला. जहाज ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमाराचं निघालं. बासचं म्हणणं साधं होतं: पुरातत्त्व शिकलेल्याला डायव्हिंग शिकवणं सोपं, पाणबुड्याला पुरातत्त्व शिकवणं अवघड. (मला हे पूर्ण पटत नाही, त्यावर खाली येतो.)

इंग्लंडात मार्गारेट रूल या बाईंचं तेच झालं. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोज' जहाज १५४५ मध्ये बुडालं होतं. त्याच्या कामावर त्या होत्या, पण खालून येणाऱ्या पाणबुड्यांच्या तोंडी वर्णनावर विसंबून काम होईना. मग त्या स्वतः डायव्हिंग शिकल्या. १९८२ मध्ये जहाजाचा सांगाडा वर आला तोवर शेकडो हौशी पाणबुड्यांनी मिळून वीस हजारांहून जास्त वेळा बुड्या मारल्या होत्या. ही सगळी माणसं त्या कामावरच मोजमाप शिकली. विद्यार्थी आणि हौशी लोकांना टप्प्याटप्प्याने शिकवण्याची पद्धत त्यानंतरच तिकडे बसली.

आता हे शिकवतात कसं, ते सांगतो. कारण 'स्कुबा येतं म्हणजे झालं' हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

सुरुवात पाण्यात होतच नाही. मैदानावर होते. मैदानात फुटकी मडकी, विटा, पाइपाचे तुकडे पसरतात. दोन खुंट्या ठोकून त्यांच्यात टेप ताणतात, ती पायारेषा. मग प्रत्येक वस्तू त्या रेषेपासून काटकोनात किती लांब, ते मोजायचं. सोपं वाटतं. पण काटकोन डोळ्याने धरला की वस्तू लांब गेली तशी चूक वाढते. म्हणून दुसरी रीत: दोन पक्क्या खुंट्यांपासून वस्तूचं अंतर घ्यायचं, कागदावर कंपासने दोन कमानी काढायच्या, जिथे छेदतील तिथे वस्तू. तिसऱ्या खुंटीपासून अंतर घेतलं की आधीच्या दोन मापांतली चूक पकडली जाते. चौथं घेतलं की आणखी पक्कं. शाळेत नववी-दहावीला भूमितीत केलेल्या रचना इथे कामाला येतात. आणि हे सगळं तोंड बंद ठेवून, हाताच्या खुणांनी. कारण खाली बोलणं नाही. मैदानावर मौनात टेप धरायला लावली की पाच मिनिटांत कळतं कोणाची जोडी जमते आणि कोण एकमेकांवर खेकसतंय.

मग तलाव. इथे खरी परीक्षा तरंगण्याची. पाण्यात धड वर नाही, धड खाली नाही असं अधांतरी राहायचं, श्वासाच्या जोरावर वीतभर वर, वीतभर खाली. मीटर बाय मीटरची चौकट तळाला ठेवतात, तिच्यात दोऱ्यांचे चौकोन ओवलेले असतात. विद्यार्थ्याने तिच्यावर आडवं तरंगत, चौकटीला धक्का न लावता, खालची वस्तू प्लॅस्टिकच्या कागदावर पेन्सिलीने काढायची. पाय वर दुमडून, बेडकासारखे बाजूला मारायचे, म्हणजे मागे गाळ उडत नाही. मुखवट्यातून वस्तू मूळ आकाराच्या सव्वापट-दीडपट मोठी आणि जवळ दिसते, म्हणून डोळ्यावर विश्वास नाही, टेपवरच. लाल रंग पाच-दहा मीटरवरच मावळतो. बत्ती न लावता वीट बघितली तर ती वीट वाटणारच नाही.

आणि मग समुद्र. दर दहा मीटरला हवेच्या दाबाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर सिलिंडरमधली हवा पृष्ठभागापेक्षा दुप्पट वेगाने संपते. अठरा मीटरवर साधारण पाऊण ते एक तास, त्याहून जास्त राहिलात तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन सांभाळत, टप्प्याटप्प्याने थांबत वर यावं लागतं, नाहीतर सांधे धरतात, माणूस लुळा पडतो, मरतोही. तीस मीटरच्या खाली डोकं जड होतं, दारू प्यायल्यासारखं. तिथे घेतलेलं माप वर येऊन बघितलं तर अर्थच लागत नाही, असे किस्से सगळ्या अनुभवी पाणबुड्यांकडे असतात. म्हणून नियम असा की वर आल्यावर आधी चहा नाही, आधी वही. जे पाहिलं ते लगेच लिहायचं. तुर्कस्तानातच उलुबुरून इथे जहाज ४४ ते ६१ मीटर खोल होतं. एका बुडीत जेमतेम वीस मिनिटं काम, दिवसातून दोनदा. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं, बावीस हजारांहून जास्त बुड्या. तेव्हा कुठे एक जहाज वाचून झालं.

शोध घेण्याच्याही रीती आहेत. तळाला एक खुंटी, तिला दोरी, दोरीचं टोक धरून गोल फिरायचं, फेरी झाली की दोरी थोडी वाढवायची. किंवा चार-पाच जणांनी एका दोरीवर ओळीत, शेतात भांगलणीला बसतात तसं, सरळ पुढे जायचं. आता सोनार आहे, चुंबकमापक आहे, शेकडो फोटोंतून त्रिमितीय नकाशा बनवणारी सॉफ्टवेअर आहेत. मशीन सांगतं की इथे काहीतरी आहे. काय आहे, ते सांगायला माणूसच खाली जावा लागतो.

माणूस खाली गेला नाही की काय होतं, त्याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. २००१ मध्ये खंबातच्या आखातात चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला सोनारवर चौकोनी आकृत्या दिसल्या. तळ खरवडून वर आणलेल्या गोष्टींत एका लाकडाचं वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघालं. २००२ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्र्यांनी घोषणा केली, जगातलं सगळ्यात जुनं नगर वगैरे बातम्या झळकल्या. पण ते लाकूड कुठल्या भिंतीतलं, कुठल्या थरातलं? माहीत नाही, कारण ते खरवडून आणलेलं. आखातातला ओढ इतका भयंकर आणि पाणी इतकं गढूळ की तिथे बसून माप घेणं जवळजवळ अशक्य. लाकूड जुनं असेल, पण त्याच्या शेजारी नगर होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. वीस वर्षं उलटून गेली तरी व्हॉट्सॲपवर ते नगर दर महिन्याला नव्याने सापडतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात. १९८१ मध्ये दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एस. आर. राव यांनी सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू केलं. हेच लोथल शोधणारे राव. पुढे द्वारकेच्या समुद्रात त्यांच्या चमूने बुड्या मारून दगडी बांधकामं आणि शंभरावर दगडी नांगर नोंदवले. त्या बांधकामाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यांच्या नंतरच्या लोकांनी बराचसा भाग खूप अलीकडचा मानला. पण मतभेद करता येतात हीच कमाई आहे. मापं आहेत, नकाशे आहेत, म्हणून भांडता तरी येतं.

याच संस्थेने गोव्याच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले. हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी, तोफा. आफ्रिका ते चीन असा सगळा व्यापार एका खडपावर सांडलेला. मला मात्र त्याहून सेंट जॉर्ज रीफवरचं जहाज जास्त आवडतं, कारण त्यात सोनं-नाणं काही नाही, कौलं आहेत! आपल्या घरावर असतात तीच मंगलोरी कौलं, त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल. आता हौशी माणूस म्हणेल, जहाज १८६५ मध्ये बुडालं. शिकलेला माणूस थांबेल. ते साल कारखाना सुरू झाल्याचं. म्हणजे जहाज त्याच्या आधी बुडालेलं असणं शक्य नाही, नंतर कधीही. एका फुटक्या कौलावरून एवढं कळतं. पण ते कौल कोणी शोभेला घरी नेलं असतं तर एवढंही कळलं नसतं.

आणि ते नेलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका होमस्टेच्या अंगणात मला एक लांबट घडीव दगड दिसला. वर एक गोल भोक, खाली एकमेकांना काटकोनात दोन चौकोनी भोकं. त्यात तुळस लावायची कुंडी ठेवलेली. मालकाला वाटायचं जुन्या देवळाचा आहे. तो दगडी नांगर होता, अरबी समुद्रातली जहाजं शतकानुशतकं वापरत तसला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या अशा नांगरांवर गोव्याच्या अभ्यासकांनी १९९७ मध्येच लेख लिहिलाय, विजयदुर्गलाही ते मिळालेत. मी विचारलं, कुठून आणला? "बोटीवाल्याने दिला." कुठल्या जागेवरून? माहीत नाही. झालं. नांगर आहे, पण तो कुठल्या बंदराचा साक्षीदार, ते कायमचं गेलं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, पण त्या माणसाला कायद्याची भीती घालून काय मिळणार? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मला बासचं म्हणणं अर्धंच पटतं. विद्यापीठातल्या पोरांना पाण्यात उतरवा, जरूर. पण आमच्या मालवण-तारकर्लीच्या पोरांचं काय? आज तिथे शेकड्यांनी तरुण पर्यटकांना हाताला धरून खाली नेतात. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. ही पोरं पाण्यात जन्मल्यासारखी वावरतात. पुण्याहून आलेल्या एमएच्या विद्यार्थ्याला जे तरंगणं जमायला महिना लागेल ते त्यांना येतंच. त्यांना टेप, चौकट आणि वही द्यायची बाकी आहे. एकाने दुसऱ्याला थर ओळखायला शिकवावं, दुसऱ्याने पहिल्याला श्वास धरायला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, तोच हंगाम. कोल्हापूर, मुंबई, पुणे इथल्या पुरातत्त्व-इतिहासाच्या मुलांनी यावं, महिनाभर राहावं. स्थानिक पोरांना मजुरी नव्हे, मानधन द्यावं आणि अहवालात नाव छापावं. गोव्याचे जाणकार दोन-तीन तासांवर आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचीही २००१ पासून पाण्याखालच्या कामाची वेगळी शाखा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत द्वारकेला त्यांचा पाच जणांचा चमू उतरला, त्यात तीन बाया होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे मुलीने स्कुबा शिकायचं म्हटलं की घरात आधी वेगळीच चर्चा होते.

सराव कुठे करायचा, याचंही उत्तर समोर आहे. नौदलातून निवृत्त झालेलं 'गुलदार' जहाज निवतीच्या समुद्रात पर्यटनासाठी बुडवायची योजना आहे. पर्यटन होऊ दे, माझी ना नाही. पण विद्यार्थ्यांसाठी याहून चांगली पाटी मिळणार नाही. जहाजाचे मूळ आराखडे उपलब्ध असतात. मुलांनी खाली जाऊन मोजायचं, नकाशा काढायचा, वर येऊन आराखड्याशी ताडून बघायचं. कोणाचं माप किती चुकलं ते लगेच कळेल. खऱ्या जुन्या अवशेषावर हात शिकवायचा म्हणजे रुग्णावर सुरी शिकवण्यासारखं, तिथे चुकून चालत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार जलदुर्ग इतर किल्ल्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपण फटाके वाजवले, मीही वाजवले. आता तिथे पर्यटक वाढणार, जेट्या वाढणार, मोठ्या बोटी याव्यात म्हणून खाड्यांतला गाळ उपसा असं म्हणणारे पुढे येणार. गाळ उपसायला विरोध नाही, मच्छीमारालाही तो हवा असतो. पण वाघोटन खाडीत ड्रेजर लावण्याआधी एकदा तरी कोणी खाली उतरून, दोरी धरून, ओळीत फिरून बघितलंय का? विजयदुर्गजवळ समुद्रात जी सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीची बुडीत भिंत आहे, तिच्यावर गोव्याचे पाणबुडे जाऊन आले, मापं घेतली. तिच्यावर शत्रूची जहाजं आपटून फुटली असं गाव सांगतं. मग त्या फुटलेल्या जहाजांचं काही आजूबाजूला पडलंय का, हे हंगामामागून हंगाम शोधायचं काम आहे. ते एका फेरीत होत नाही आणि बाहेरून आलेल्या चार माणसांनीही होत नाही.

गेल्या शिमग्यात एका म्हाताऱ्या मच्छीमाराशी बोलत होतो. जागेचं नाव सांगत नाही. म्हणाला, "थय खाली काय तरी आसा. जाळा अडाकता. आजो सांगायचो, थय टाकू नको." जागा कशी ओळखता? तर किल्ल्याचा एक बुरूज आणि मागच्या डोंगरावरचं एक झाड एका रेषेत आलं, आणि दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस टेकडीच्या खांद्याला लागला, की ती जागा. दोन रेषांचा छेद! मैदानावर विद्यार्थ्यांना शिकवतात त्याच जातीचं गणित हा माणूस शाळा न शिकता आयुष्यभर करतोय. मुलाला दाखवली का जागा? "तो जीपीएस बघता. आणि ता झाड आता तोडला."

तुमच्या घरात, वाडीत अशा जाळी अडकणाऱ्या जागा माहीत असलेलं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, खुणा लिहून घ्या, तारीख टाका. मात्र जागा इथे कमेंटमध्ये टाकू नका, खाली जाऊन उचलून आणणारेही ही पोस्ट वाचत असतील. मला इनबॉक्समध्ये पाठवा. वही मी ठेवतोय.